यूपीएस : वीज असताना आणि नसताना

भारनियमनाच्या काळात पुण्यात घरोघरी इन्व्हर्टर आणि यूपीएस आले. उद्योगांची स्वतःची जनित्रे चालवून शहरासाठी वीज मोकळी करणाऱ्या ‘पुणे मॉडेल’मुळे २००६ मध्ये नागरिकांना दिलासा मिळाला, पण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा गुरुवार पुणेकरांच्या चांगलाच परिचयाचा राहिला. वीज गेल्यावर यूपीएस काय करतो, हे साऱ्यांना ठाऊक असते. वीज असताना तो काय करतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

साधा ‘ऑफलाइन’ यूपीएस वीज असताना ती जवळजवळ जशीच्या तशी पुढे पाठवतो व बॅटरी चार्ज करत राहतो. वीज जाताच बॅटरीतील एकदिश प्रवाहापासून २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह तयार होतो. या बदलास साधारणतः ४ ते १० मिलिसेकंद लागतात. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. त्यामुळे एवढा खंड संगणकाच्या एसएमपीएसला सहसा जाणवत नाही.

‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ प्रकारात विजेचा दाब कमी-जास्त झाल्यास बॅटरी न वापरता ट्रान्सफॉर्मरद्वारे तो सावरला जातो. दिवे मंदावताच ऐकू येणारा ‘टक्’ आवाज बहुधा याचाच.

‘ऑनलाइन’ यूपीएस येणारी वीज आधी एकदिश करतो आणि मग पुन्हा प्रत्यावर्ती. बॅटरी मधल्या दुव्यालाच जोडलेली असल्याने खंड पडतच नाही. रुग्णालये व डेटा सेंटरमध्ये म्हणूनच तो वापरतात. उष्णता आणि किंमत अर्थातच जास्त. त्यावरील भार वाढला किंवा आत बिघाड झाला, तर तो ‘बायपास’मध्ये जातो. उपकरणे चालूच राहतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण या अवस्थेत वीज गेली, तर बॅटरी भरलेली असूनही सारे बंद पडू शकते. बायपासचा दिवा लागल्यास तो दुर्लक्षू नये.

अनेक घरगुती इन्व्हर्टरांवर ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ अशी कळ असते. पहिल्या स्थितीत साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतचा दाब चालतो, दुसरीत सुमारे १८० ते २६०. पंखे-दिव्यांना पहिली स्थिती पुरते. घरून काम करणाऱ्यांचा संगणक वीज जाताच पुन्हा सुरू होत असेल, तर तंत्रज्ञास बोलावण्यापूर्वी ही कळ पाहावी. मात्र जेथे दाब वारंवार घसरतो, तेथे ‘यूपीएस’ स्थितीत वीज असूनही बॅटरी खर्च होत राहते.