डिझेल जनित्रकक्षातील वायुवीजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

डिझेल जनित्राचा इतिहास सामान्यतः इंजिनाचा इतिहास म्हणून पाहिला जातो; ते ज्या खोलीत बसविले जाते, त्या खोलीचा विचार क्वचितच होतो. या खोलीतील हवेशी उष्णता, विषारी वायू आणि ध्वनी असे तीन प्रश्न निगडित आहेत. हे प्रश्न निरनिराळ्या काळात पुढे आले व त्यांची उत्तरेही स्वतंत्रपणे शोधली गेली. त्यातून उद्भवलेला अंतर्विरोध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उष्णता

रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये जर्मन पेटंट मिळाले. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील चाचणीत त्यांच्या इंजिनाची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के आढळली. वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत हे यश मोठे होते. तथापि इंधनातील जवळजवळ तीन-चतुर्थांश ऊर्जा वाया जात होती, असाही त्याचा अर्थ होतो. आजच्या जनित्रातही निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यापैकी केवळ २० किलोवॅट उष्णता खोलीत पसरली आणि तापमानवाढ १० अंश सेल्सिअसपर्यंत रोखावयाची असली, तरी ताशी सुमारे ६,००० घनमीटर हवा खेळती ठेवावी लागते. एखादी खिडकी उघडी ठेवून हे साधत नाही.

विषारी वायू

जे. एस. हाल्डेन यांनी १८९६ मध्ये कोळसा खाणींतील स्फोटांनंतरच्या मृत्यूंमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचे दाखवून दिले. इंजिनाच्या धुराबाबत हा विचार न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याच्या निमित्ताने पुढे गेला. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या या बोगद्यासाठी प्रयोगान्ती दहा हजार भागांत चार भाग ही या वायूची मर्यादा स्वीकारण्यात आली व ८४ पंखे बसविण्यात आले. वायुवीजन अंदाजाने नव्हे, तर मोजून ठरवावे, हे तत्त्व येथे दृढ झाले. पेट्रोलच्या तुलनेत डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. परंतु म्हणून तो धूर निर्धोक ठरत नाही. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवास कर्करोगकारक घटकांत केली.

ध्वनी

भारतात १७ मे २००२ च्या अधिसूचनेने १,००० केव्हीएपर्यंतच्या नव्या जनित्रांसाठी आवरणापासून एक मीटर अंतरावर ७५ डेसिबल ही ध्वनिमर्यादा घातली. महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास भारनियमन तीव्र झाले आणि महाविद्यालये, रुग्णालये व गृहसंस्थांच्या आवारांत जनित्रांची गरज वाढली. येथेच अंतर्विरोध उघड होतो. आवाज अडविण्यासाठी कक्ष बंदिस्त करावा लागतो, तर उष्णता व धूर घालविण्यासाठी तो मोकळा ठेवावा लागतो. शेजाऱ्यांना मिळालेली शांतता कक्षात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या श्वासावर बेतू शकते.

निष्कर्ष

या तिन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार आराखड्याच्या टप्प्यावरच व्हावयास हवा. हवेची आवक व जावक समोरासमोरच्या भिंतींतून असावी. बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत येऊ नये. ध्वनिशोषक पडद्यांमुळे हवेला अडथळा होतो, म्हणून तेथील मार्ग अधिक रुंद ठेवावा. धूरनळी स्वतंत्रपणे छतावर न्यावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार १०० केव्हीए जनित्रासाठी ती इमारतीच्या उंचीहून २ मीटर उंच असावी लागते. जिन्याखालची रिकामी जागा जनित्रास देण्यापूर्वी संस्थाचालकांनी या इतिहासाची दखल घेणे अगत्याचे आहे.