रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट आणि दासोपंतचरित्र

माजलगाव तालुक्यांतील गोदातीरचें पुरुषोत्तमपुरी हें गांव संशोधकांस तेथील ताम्रपटामुळें परिचित आहे. शके १२३२ (इ. स. १३१०) चा हा लेख यादव रामचंद्रदेवाच्या कारकीर्दींतील असून म. म. मिराशी यांनीं तो संपादून प्रसिद्ध केला. राजाकडून मिळालेलीं गांवें पुरुषोत्तम नांवाच्या प्रधानानें ब्राह्मणांस अग्रहार करून दिलीं, असें त्यावरून कळतें. मनुष्याची श्रद्धा त्याच्या अधिकाराच्या कामांत कशी उतरते, याचें हें जुनें उदाहरण होय. ह्याच बीड जिल्ह्याशीं संबंध असलेलें, परंतु निराळ्या धर्माच्या मनुष्याचें दुसरें एक उदाहरण आम्ही येथें वाचकांपुढें ठेवतों.

रे. जस्टिन एडवर्ड्स अ‍ॅबट यांचा जन्म इ. स. १८५३ त अमेरिकेंत झाला. १८८१ पासून १९१० पर्यंत ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामावर मुंबई इलाख्यांत होते. प्राचीन अवशेषांचा त्यांस नाद होता. नाडसूर येथील बौद्ध लेण्यांची माहिती प्रथम त्यांनींच प्रसिद्धीस आणिली. स्वदेशीं परतल्यावर १९२६ पासून त्यांनीं महाराष्ट्रीय संतकवींच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरमाला काढिली. भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम व रामदास हे त्या मालेंतील प्रमुख विषय होत.

येथें एक शंका सहज उद्भवते. मिशनऱ्याचा व्यवसाय धर्मप्रसाराचा. मग परधर्मीय संताचें चरित्र त्याच्या हातीं पडलें असतां तें अविकृत राहील, हें कशावरून मानावें? शंका रास्त आहे, आणि तिचा निकाल ग्रंथावरूनच केला पाहिजे.

त्यासाठीं १९२८ सालचें ‘दासोपंत दिगंबर’ हें पुस्तक पाहावें. दासोपंत (इ. स. १५५१-१६१५) हे आंबेजोगाईचे दत्तोपासक ग्रंथकार. त्यांची समाधि तेथें आहे, आणि पंचीकरण लिहिलेली त्यांची वस्त्राची पासोडी संग्राहकांस ठाऊकच आहे. चरित्रांतील मुख्य प्रसंग असा: सरकारी वसुलाचा भरणा न झाल्यामुळें बेदरच्या बादशहानें बाल दासोपंतांस ओलीस ठेविलें, आणि मुदतींत रक्कम न आल्यास धर्मांतर करविण्याचा धाक घातला. तेव्हां दत्तात्रेयांनीं दत्ताजी पाडेवार होऊन रक्कम भरली व मुलास सोडविलें. ज्याचें आयुष्य लोकांस ख्रिस्ती धर्मांत आणण्याच्या कार्यांत गेलें, त्याच्याच हातीं धर्म न सोडलेल्या मुलाची ही कथा आली. आणि त्यानें ती दत्तात्रेयांच्या चमत्कारासह इंग्रजींत उतरविली.

हा अपवाद नव्हे. महिपतीच्या भक्तिविजयाचे सत्तावन्नही अध्याय अ‍ॅबट व पंडित नरहर गोडबोले यांनीं भाषांतरिले. मूर्ति, नामस्मरण, अवतार, ज्या गोष्टी ख्रिस्ती उपदेशक एरवीं खोडून काढी, त्या सर्व तेथें आहेत. अ‍ॅबट १९३२ त वारले, व हा ग्रंथ १९३३ पासून दोघांच्या नांवें बाहेर आला. सहकारी पंडिताचें नांव मुखपृष्ठावर येणें ही गोष्टही त्या काळीं लहान नव्हे.

स्वधर्माच्या ग्रंथाकडे त्यांनीं पाठ फिरविली असें नाहीं. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी त्यांनींच १९२३ त विद्वानांच्या नजरेस आणिली. तीच मूळ संहिता, हें त्यांचें मत वादग्रस्त आहे. परंतु पोथी उजेडांत आणल्याचें श्रेय त्यामुळें कमी होत नाहीं.

अ‍ॅबटांच्या कार्यास एक मर्यादा मात्र आहे. महिपति भक्त होता, चिकित्सक इतिहासकार नव्हता. त्यामुळें ह्या भाषांतरांस प्रमाण धरतांना कालनिर्णय इतर कागदपत्रांवरून करावा लागतो. तथापि हा दोष मूळ साधनाचा आहे, भाषांतरकाराच्या धर्माचा नव्हे.

अ‍ॅबटांनीं श्रद्धा झांकली नाहीं; रेव्हरंड हें उपपद अखेरपर्यंत त्यांच्या नांवामागें होतें. असत्य न सांगणें हें त्या श्रद्धेचेंच अंग, आणि दुसऱ्याच्या पोथींत आपले शब्द घुसडणें हें असत्यच. संग्राहकांसही हाच नियम लागू आहे. दप्तर सोडतांना आपल्या संप्रदायास न रुचणारें पान निघाल्यास तें बाजूस सारण्याचा मोह कोणास होत नाहीं? तें पान इतरांबरोबरच क्रमांक घालून ठेवावें, व मतभेद असल्यास टीपेंत लिहावा. परधर्मीयाला जें साधलें, तें आपल्याच पोथ्यांच्या बाबतींत आम्हांस साधूं नये, ही गोष्ट आम्हांस भूषणावह नाहीं.