सुरतेचा किल्ला संगणकावर बांधताना

गेल्या वर्षी विसर्जनानंतरच्या हिशोबाच्या बैठकीत ठरले की, यंदाचा देखावा ‘सुरतेची स्वारी’ असावा. पुठ्ठा आणि प्लायवूडचा किल्ला उभा करायचा आणि त्याचे आराखडे मी काढून द्यायचे. माझी पात्रता एवढीच, की मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे आणि राज्य सरकारच्या बांधकामाच्या कामात वीस वर्षे घालवली आहेत. कागदावर काढायचे तर आठ दिवसांचे काम होते. पण इच्छापोरला आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी दागिन्यांचे थ्री-डी मॉडेलिंग करते. ती म्हणाली, “काका, कागदावर कशाला? संगणकावर बांधा, म्हणजे सगळीकडून फिरवून बघता येईल.” असा पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो.

हजिरा रस्त्यावरचे आपले इच्छापोर बहुतेकांना कारखान्यांच्या वाटेवरचे गाव म्हणून माहीत आहे. पण गुजरात हिरा बोर्सचे जेम अँड ज्वेलरी पार्कही इथेच आहे. आज अंगठी आधी संगणकाच्या पडद्यावर घडते. मग ती मेणासारख्या पदार्थात छापली जाते, तिच्याभोवती साचा तयार होतो, भट्टीत मेण निघून जाते आणि त्या पोकळीत सोने ओतले जाते. यातले फक्त पहिले पाऊल नवे आहे. मेण वितळवून मूर्ती ओतण्याची कृती चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात दिलेली आहे.

खरे तर आपण मराठी माणसे लहानपणीच मॉडेलिंग शिकतो. वडील खानदेशातून ताप्ती लाइनने सुरतेला आले आणि उधन्याच्या चाळीत स्थिरावले. तिथे दर दिवाळीला आम्ही मातीचा किल्ला करायचो. विटा, गोणपाट, चिखल, वर अळीव पेरलेले आणि सिंहासनावर महाराज. हा किल्ला नेहमी भिंतीला टेकलेला असायचा. त्यामुळे त्याला मागची बाजू कधी नसायचीच. ही सवय मला चाळीस वर्षांनी नडली.

मी ‘ब्लेंडर’ नावाचे सॉफ्टवेअर घेतले. उघडले की पडद्याच्या मधोमध एक घन दिसतो. ‘जी’ दाबले की तो सरकतो, ‘आर’ने फिरतो, ‘एस’ने लहानमोठा होतो, ‘ई’ दाबून एखादी बाजू ओढली की तिच्यातून नवी भिंत निघते. पहिले चार दिवस माझा किल्ला बुटासारखा दिसत होता. वस्तू फिरवायला जावे तर आपणच तिच्याभोवती फिरतो आहोत हे कळेपर्यंत डोके दुखायचे. मग शेजारच्या मुलीने अंकांची बटणे दाखवली. सातवर वरून दिसते, एकवर समोरून, तीनवर बाजूने. मी म्हटले, अरे, हे तर प्लॅन, एलिव्हेशन आणि साइड व्ह्यू! डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्राफ्टर आणि टी-स्क्वेअर घेऊन हेच तर घोटले होते.

ही पद्धत कुठून आली, ते कॉलेजात कोणी सांगितले नव्हते. ती किल्ल्यांतूनच आली. फ्रान्समध्ये मेझिएर येथे लष्करी अभियंत्यांची शाळा होती. शत्रूच्या तोफांना आतले काही दिसू नये यासाठी तटाची उंची किती ठेवावी, हे काढायला तिथे लांबलचक आकडेमोड करावी लागे. १७६० च्या दशकात गास्पार मोंज या तरुणाने तेच उत्तर आकृती काढून झटपट मिळवले. वस्तूची एक छाया आडव्या पृष्ठावर आणि एक उभ्या पृष्ठावर पाडायची, मग दोन्ही पृष्ठे उलगडून एका कागदावर आणायची. इतक्या लवकर उत्तर येईलच कसे, म्हणून अधिकारी आधी ते तपासायलाही तयार नव्हते. पटल्यावर मात्र ते लष्करी गुपित ठरले. १७९५ मध्ये मोंजने ते पॅरिसमध्ये उघडपणे शिकवले. आपल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधले ड्रॉइंग त्याच घराण्यातले.

आता आपला किल्ला. पोर्तुगीजांनी समुद्रातून तापीत शिरून सुरत जाळल्यावर, गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या काळात खुदावंद खान याने तो बांधून घेतला. १५४६ मध्ये काम पुरे झाले. दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत शिसे ओतल्याचे वर्णन आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, प्रत्येक सुमारे बारा मीटर उंच, भिंती सुमारे चार मीटर जाड. मी चौक बाजाराच्या बाजूचे फोटो समोर ठेवून दोन आठवड्यांत पुढची बाजू उभी केली. दगडांचा रंगही दिला. मोठ्या अभिमानाने शेजारी दाखवायला गेलो. मुलीने माउस धरून किल्ला गर्रकन फिरवला आणि विचारले, “काका, मागे काय आहे?”

मागे काहीच नव्हते. दिवाळीचा किल्ला!

असे फक्त नवशिक्याचेच होते असे नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात १९७० च्या दशकात ही विद्या आकाराला आली. एड कॅटमुल या विद्यार्थ्याने १९७२ मध्ये आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा काढला, त्यावर पेनाने सुमारे ३५० त्रिकोण-चौकोन आखले आणि मापे संगणकात भरून पडद्यावर हात हलवून दाखवला. तिथल्याच मार्टिन न्यूएलने १९७५ मध्ये पत्नीच्या सुचवण्यावरून घरातली चहाची किटली आलेखाच्या कागदावर काढून संगणकात उतरवली. ती किटली पुढे जगभर सरावासाठी वापरली गेली. पण मूळ नमुन्यात किटलीला तळच नव्हता. टेबलावर ठेवलेल्या किटलीचा तळ पाहतो कोण? हे वाचून मला फार धीर आला.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन किल्ल्यावर गेलो. महानगरपालिकेने जीर्णोद्धार करून तिथे संग्रहालय केले आहे. आत फिरलो, पावलांनी अंतरे मोजली, मग पुलावर जाऊन नदीकडून किल्ला पाहिला. सुरतेत जन्म काढला, पण तिकडून नीट पाहिला नव्हता. आणि तेव्हा लक्षात आले की, मी जिला मागची बाजू म्हणत होतो, तिच्यासाठीच हा किल्ला बांधला होता. त्याला धास्ती होती ती नदीतून येणाऱ्या गलबतांची.

यातून पुढचा प्रश्न निघाला, आणि तो अवघड होता. देखाव्यात मावळे शिड्या लावून किल्ल्यावर चढताना दाखवायचे ठरले होते. मंडळाच्या स्थापनेपासून राबणाऱ्या एका ज्येष्ठ काकांची ती कल्पना होती. मॉडेलमध्ये मावळे ठेवायचे तर ते कुठे, कोणत्या भिंतीपाशी, हे ठरवणे आले. म्हणून वाचायला बसलो. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेत चार दिवस होते. शहराला तेव्हा पक्का तट नव्हता. तो नंतर बांधला गेला. त्यांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर बागेत होता. शहराचा मुघल अधिकारी इनायत खान लोकांना वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला आणि किल्ल्यावरच्या तोफांनी शहराचेच नुकसान केले. किल्ला महाराजांनी घेतला नाही, ऑक्टोबर १६७० च्या दुसऱ्या स्वारीतही नाही. त्यांना हवा होता तो बादशाही बंदराचा पैसा, किल्ला नव्हे.

बैठकीत हे सांगितल्यावर काका दुखावले. “चाळीस वर्षे आपण हे सांगत आलो, आता तू आम्हाला इतिहास शिकवणार?” मला उत्तर सुचेना. माझ्यापेक्षा त्यांनी या मंडळासाठी जास्त खस्ता खाल्ल्या आहेत. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “काका, मावळे तुम्हीच उभे करा.” त्यांनी किल्ला फिरवला, पुन्हा फिरवला. नदी, खंदक, बुरूज. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मग महाराज कुठे होते, ते दाखव.” त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून बऱ्हाणपूर दरवाजा आणि बागेतला तंबू ठेवला. तंबूची जागा त्यांनी तीनदा बदलायला लावली. आजची बऱ्हाणपुरी भागळ म्हणजे तोच भाग, आणि काकांचे बालपण तिथलेच. घरी जाताना एवढेच म्हणाले की, शिड्या नसल्या तरी भगवा मोठा हवा.

शेवटी पैशाचे, कारण आपल्याकडे तो प्रश्न हमखास येतो. ब्लेंडर फुकट आहे, आणि ते वर्गणीमुळे फुकट आहे. नेदरलँड्समध्ये टोन रोझेंडाल यांनी १९९४ मध्ये ते सुरू केले. २००२ मध्ये त्यांची कंपनी बुडाली आणि गुंतवणूकदार एक लाख युरो मागू लागले. रोझेंडाल यांनी लोकांना आवाहन केले आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. आपल्या मुलांपैकी कोणाला शिकायचे असेल तर साधा बरा लॅपटॉप आणि मधले चाक असलेला माउस पुरे. मात्र पहिल्या दिवशी घरातली एखादी वस्तू, वाटी म्हणा किंवा समई, हातात घेऊन पट्टीने मोजा आणि मगच पडद्याकडे वळा.

यंदा देखाव्यात एक बदल आहे. मांडवात किल्ला भिंतीपासून चार फूट पुढे घेतला आहे, म्हणजे मुलांना मागून फिरता येईल. मागच्या बाजूला तापी आहे. आरतीनंतर अवश्य चक्कर मारा.

गणपती बाप्पा मोरया!