बार्बारोचे आठ महिने

शर्यतीचा घोडा हा लोकांचा क्षणभराचा सोबती असतो. दोन मिनिटें तो डोळ्यांसमोर असतो. तेवढ्यांत कोणाचे पैसे येतात, कोणाचे जातात, आणि सायंकाळीं मैदान रिकामें झालें म्हणजे त्याचें नांवहि बहुतेकांच्या ओठांवर राहत नाहीं. अशा घोड्याचा पाय धांवतां धांवतां वाईट मोडला, तर जागच्या जागीं पडदा धरून त्याच्या वेदनांचा अंत करावयाचा, अशी शर्यतीच्या मैदानांवरील जुनी रीत आहे. या रीतीस अपवाद झालेला एक घोडा आठ महिने मृत्यूशीं झुंजला. आणि तो गेला तेव्हां, ज्यांनीं त्याला कधीं प्रत्यक्ष पाहिलें नव्हतें अशा असंख्य माणसांनीं घरचें कोणी गेल्यासारखा शोक केला. त्या घोड्याचें नांव बार्बारो. हा शोक कशाचा होता, आणि त्यांतून मागें काय उरलें, याचा इतिहास श्रोत्यांनीं ऐकण्यासारखा आहे.

बार्बारोचा जन्म २९ एप्रिल २००३ रोजीं अमेरिकेंतील केंटकी राज्यांत झाला. रॉय आणि ग्रेचेन जॅक्सन हें पेनसिल्व्हेनियांतील दांपत्य त्याचे मालक. त्यांच्या घरीं शिकारी कुत्र्यांचें एक जुनें चित्र होतें; त्यांतील एका कुत्र्याचें नांव या शिंगराला मिळालें. त्याला शर्यतीसाठीं तयार करण्याचें काम मायकेल मॅट्झ यांच्याकडे आलें. मॅट्झ हे स्वतः नाणावलेले घोडेस्वार. १९९६ सालच्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें अडथळ्यांवरून घोडा उडविण्याच्या सांघिक स्पर्धेंत त्यांच्या चमूनें रौप्यपदक मिळविलें होतें. त्यापूर्वीं, १९८९ सालीं, आयोवा राज्यांतील सू सिटी येथें कोसळलेल्या विमानांतून ते वांचले होते; आणि एकटे प्रवास करणाऱ्या तीन मुलांना त्यांनीं त्या जळत्या विमानांतून बाहेर नेलें होतें. संकटांत दुसऱ्याचा हात न सोडणारा हा मनुष्य होता, एवढें येथें लक्षांत ठेवावें.

६ मे २००६ रोजीं लुईव्हिल शहरांतील चर्चिल डाउन्स या मैदानावर केंटकी डर्बीची शर्यत झाली. सव्वा मैलाच्या या शर्यतींत वीस घोडे होते आणि प्रेक्षक दीड लाखांहून अधिक. एडगर प्रॅडो या पेरू देशांत जन्मलेल्या जॉकीनें बार्बारोला शेवटच्या वळणावर मोकळें सोडलें, आणि तो साडेसहा घोड्यांच्या अंतरानें पुढें निघून गेला. १९४६ नंतर एवढ्या अंतरानें ही शर्यत कोणी जिंकलेली नव्हती. बार्बारोची ती सहावी शर्यत आणि सहावा विजय. पराभव त्याला ठाऊकच नव्हता. डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन शर्यती एकाच वर्षीं जिंकणाऱ्या घोड्यास तिहेरी मुकुटाचा मान मिळतो. १९७८ पासून तो मान कोणासहि मिळाला नव्हता. अठ्ठावीस वर्षांचा दुष्काळ हा घोडा संपविणार, असें सर्वांस वाटूं लागलें.

दोनच आठवड्यांनीं, २० मे रोजीं, बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर प्रीकनेसची शर्यत होती. एक लाख अठरा हजारांवर लोक जमले होते. आरंभाची घंटा होण्यापूर्वींच बार्बारो दार ढकलून बाहेर आला. त्याला परत आंत नेऊन उभें करण्यांत आलें. नंतर खरा आरंभ झाला, आणि कांहीं क्षणांतच त्याचा उजवा मागील पाय वेडावांकडा पडूं लागला. प्रॅडोनें लगाम खेंचून त्याला थांबविलें, खालीं उडी घेतली आणि आपल्या खांद्याचा आधार देऊन त्याला सांवरून धरलें. बर्नार्डिनी नांवाचा घोडा शर्यत जिंकून गेला. पण प्रेक्षकांच्या नजरा त्या तीन पायांवर उभ्या असलेल्या घोड्यावर खिळल्या होत्या. पायाचीं तीन हाडें मोडलीं होतीं, आणि त्यांपैकीं घोट्याखालच्या हाडाचे वीसांहून अधिक तुकडे झाले होते.

माणसाचा पाय मोडला तर तो महिना दोन महिने अंथरुणावर पडून राहतो आणि हाड सांधतें. मग घोड्याचा मोडका पाय त्याच्या मृत्यूचें कारण कां व्हावा? याचें उत्तर घोड्याच्या शरीररचनेंत आहे. साडेचारशे ते साडेपांचशे किलो वजनाचें तें शरीर चार काटकुळ्या पायांवर तोललेलें असतें. भरधांव पळतांना तर एका क्षणीं तो सर्व भार एकाच पायावर येतो. घोडा फार काळ आडवा पडून राहूं शकत नाहीं. त्याला उभेंच राहावें लागतें. एक पाय दुखावला कीं त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, आणि तो चांगला पाय बिघडूं लागतो. खुराची कठीण भिंत व तिच्या आंतील हाड यांस शेंकडों नाजूक पापुद्रे जोडून ठेवतात. भार एकसारखा राहून रक्ताचा पुरवठा बिघडला म्हणजे हे पापुद्रे सुटतात, हाड खुरांत खालीं सरकतें आणि असह्य वेदना होतात. या व्याधीस लॅमिनायटिस म्हणतात. म्हणजे मोडलेलें हाड सांधलें तरी घोडा जगेलच असें नाहीं. मोडका पाय वांचवितां वांचवितां धड पाय हातचे जातात.

त्याच रात्रीं बार्बारोला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या पशुरुग्णालयांत नेण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं शस्त्रवैद्य डीन रिचर्डसन यांनीं पांच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया करून पोलादी पट्टी व सत्तावीस स्क्रू यांच्या साह्यानें तीं हाडें सांधलीं. पुढचा धोका शुद्धीवर येण्याचा होता. १९७५ सालच्या जुलै महिन्यांत रफियन नांवाच्या, तोंवर अजिंक्य असलेल्या घोडीचा पाय न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट मैदानावर असाच मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, पण भूल उतरतांना ती बावरून पाय झाडूं लागली. सांधलेला पाय पुन्हां मोडला आणि पहांटेच्या आंत तिला निरोप द्यावा लागला. बार्बारोला म्हणून झोळींत घालून, पाय रबरी तराफ्यांत अडकवून, कोमट पाण्याच्या हौदावर तरंगत ठेवण्यांत आलें. पाण्यांत त्यानें पाय झाडले तरी ते कशावर आपटण्यासारखे नव्हते. तो शुद्धीवर आला, आपल्या खोलींत गेला आणि गवत खाऊं लागला. तरीहि रिचर्डसन यांनीं जगण्याची आशा निम्मीच सांगितली.

त्या दिवसापासून रुग्णालयाच्या कुंपणावर शुभेच्छांचे फलक लागूं लागले. टोपल्या भरभरून सफरचंदें व गाजरें आलीं, फुलें आलीं, लहान मुलांनीं काढलेलीं चित्रें आलीं. बार्बारोनें काय खाल्लें, तो किती वेळ झोपला, हें रोज देशभर सांगितलें जाऊं लागलें.

एका जनावरासाठीं एवढें प्रेम कोठून आलें? आपल्याकडे चेतकाची समाधी हळदीघाटाजवळ आहे. १५७६ सालच्या रणांतून धन्याला सुखरूप बाहेर काढून त्या अश्वानें प्राण सोडला, असें परंपरा सांगते. त्याच्यासाठीं डोळे ओले होतात, त्यांत कृतज्ञता असते. बार्बारोनें कोणाचे प्राण वांचविले नव्हते, कोणतें राज्य राखलें नव्हतें. परंतु घोडा शर्यतींत उतरतो तो माणसाच्या इच्छेनें. विजयाचा करंडक माणसाच्या घरीं जातो आणि जखम मात्र घोड्याच्या वांट्याला येते. एका सुंदर, निरोगी जीवाचा पाय आपल्या करमणुकीसाठीं धांवतांना मोडला, हें लाखो लोकांनीं एकाच वेळीं पाहिलें. त्या पाहण्यांतून ऋणाची जाणीव झाली. कुंपणापाशीं आलेलीं गाजरें व फुलें हे त्या ऋणाचे पहिले, भाबडे हप्ते होते.

जुलै महिन्यांत भय खरें ठरलें. डाव्या मागील खुरास लॅमिनायटिस झाला, आणि त्या खुराच्या भिंतीचा सुमारें ऐंशीं टक्के भाग काढून टाकावा लागला. यानंतर एक कठीण प्रश्न उभा राहिला. त्याला जगविणें ही दया कीं क्रौर्य? मालकांचा डोळा पैदाशीच्या उत्पन्नावर आहे, असा कित्येकांस संशय होता. एवढा पैसा एका घोड्यावर कां, असेंहि विचारलें गेलें. जॅक्सन दांपत्य व रिचर्डसन यांनीं आपल्यापुरती एक मर्यादा आंखून घेतली होती. घोडा खातो आहे, त्याचे डोळे सतेज आहेत, वेदना औषधानें आटोक्यांत राहते आहे, तोंपर्यंत प्रयत्न सोडावयाचा नाहीं; त्यापलीकडे एक दिवसहि ओढावयाचें नाहीं. प्रेम करणाराला यांतील पहिला भाग सोपा असतो. दुसराच भाग अवघड.

शरदऋतूंत त्याला बाहेर नेऊन हिरव्या गवतावर चरूं देत. नोव्हेंबरांत मोडक्या पायावरचें प्लास्टर निघालें. हाडें सांधलीं होतीं. परंतु डाव्या पायाचा खूर नीट वाढेना. जानेवारी २००७ मध्यें त्याचा आणखी भाग कापावा लागला. मग सांधलेल्या उजव्या पायाच्या खुरांत गळूं झालें, आणि २७ जानेवारीस त्या पायावरचा भार कमी करण्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया झाली. यानंतर पुढच्या दोन्ही खुरांत तीच व्याधी दिसूं लागली. आतां भार घालावयास एकहि धड पाय उरला नव्हता. आठ महिने जो शांत होता, तो रात्रभर अस्वस्थ राहिला. मर्यादा आली होती. २९ जानेवारीच्या सकाळीं मालकांच्या संमतीनें रिचर्डसन यांनीं त्याला वेदनारहित मृत्यु दिला. वार्ताहरांस ती बातमी सांगतांना त्या कसलेल्या शस्त्रवैद्याचे डोळे भरून आले आणि शब्द अडूं लागले. कुंपणापाशीं पुन्हां फुलें जमलीं. या वेळीं तीं निरोपाचीं होतीं.

लोकांचा शोक बहुधा चार दिवसांचा असतो. याचा कांहीं भाग मात्र कामाला लागला. बार्बारोच्या नांवें निधि उभा राहून त्यांतून रुग्णालयास साह्य होऊं लागलें. जॅक्सन दांपत्यानें तीस लक्ष डॉलर देऊन अश्वरोगांच्या संशोधनासाठीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अध्यासन स्थापन केलें आणि त्यास रिचर्डसन यांचें नांव दिलें. ज्या व्याधीनें घोडा नेला, ती लॅमिनायटिसची व्याधि संशोधकांपुढील एक मोठा विषय झाली. त्याच्या चाहत्यांच्या एका समुदायानें कत्तलीसाठीं विकले जाणारे शेंकडों घोडे पैसे देऊन सोडविले.

पण ऋण एवढ्यानें फिटत नव्हतें. ३ मे २००८ रोजीं केंटकी डर्बींत दुसरी आलेली एट बेल्स ही घोडी सीमारेषेपलीकडे कोसळली. तिचे पुढचे दोन्ही पाय घोट्यांत मोडले होते. तिला जागींच मृत्यु देण्यांत आला. या लागोपाठच्या आघातांनंतर घोड्यांस दिलीं जाणारीं औषधें, धांवपट्टीची माती, शर्यतीपूर्वींची तपासणी यांविषयीं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापर्यंत विचारणा झाली. अपघातांची देशव्यापी नोंद ठेवली जाऊं लागली. २००९ सालीं दर हजार धांवांमागें दोन घोडे दगावत. २०२३ सालीं हें प्रमाण १.३२ होतें. २०२० सालीं सर्व देशास लागू होणारा घोडशर्यतींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि त्याखालील सुरक्षिततेचे नियम जुलै २०२२ पासून अमलांत आले. हें सर्व एकट्या बार्बारोमुळें झालें असें म्हणणें सत्याला सोडून होईल. परंतु मोडलेला घोडा पडद्याआड न्यावा आणि विसरावा, ही संवय त्याच्या आठ महिन्यांनीं पुष्कळांची सुटली, यांत शंका नाहीं.

बार्बारोच्या अस्थि चर्चिल डाउन्सच्या प्रवेशद्वाराबाहेर पुरल्या असून, त्यांवर २००९ सालीं ॲलेक्सा किंग या शिल्पकर्तीनें घडविलेला त्याचा कांस्यपुतळा उभारण्यांत आला. जागा दाराबाहेरची निवडली ती मुद्दाम. तेथें येणाऱ्यास तिकीट काढावें लागूं नये, ही मालकांची इच्छा होती. डर्बीच्या दिवशीं धांवत होता तसाच तो घोडा तेथें धांवतो आहे. चारी पाय जमिनीपासून सुटलेले आहेत, आणि त्यांतल्या एकावरहि भार नाहीं.