अंबाडीचा रस्ता आणि कामाची हद्द

भिवंडीहून वाड्याकडे निघाले की वाटेत अंबाडी नाका लागतो. इथूनच एक रस्ता वज्रेश्वरीवरून शिरसाडला, म्हणजे अहमदाबाद महामार्गाला जाऊन मिळतो. वाड्याला रेल्वे नाही, त्यामुळे या पट्ट्यात जे काही आले ते रस्त्याने. मुंबईची जकात वाचवण्यासाठी व्यापाऱ्यांनी शहराच्या वेशीबाहेर माल उतरवला आणि भिवंडीच्या भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. वाडा तालुक्याला उद्योगांसाठी ‘डी प्लस’ सवलती मिळाल्यावर कुडूसच्या आसपास पोलादाचे आणि इतर कारखाने आले, वीटभट्ट्या होत्याच. भिवंडी-वाडा-मनोर रस्ता खासगीकरणातून चौपदरी करायचे ठरले, टोल सुरू झाला, खड्डे काही हटले नाहीत, आणि श्रमजीवी संघटनेला त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. ट्रेलर, विटांचे ट्रक, एसटी, कोंबून भरलेली जीप आणि पाळीवर निघालेल्याची मोटारसायकल, सगळे याच डांबरावरून जातात. इथे जो मरतो तो कागदावर ‘दुचाकीस्वार’ होतो, ‘पादचारी’ होतो. कामगार होत नाही. हा केवळ नोंदणारा कारकून आळशी असल्याचा परिणाम नव्हे. आपल्या कायद्याने कामाची हद्द जवळजवळ शंभर वर्षे फाटकापाशी आखली, त्याचे हे फळ आहे.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामातून आणि काम चालू असताना झालेला अपघात, एवढीच त्याची अट. ट्रकचालक स्टिअरिंगवर मेला तर तो त्यात सरळ बसतो. वाद आहे तो कामावर जाणाऱ्या-येणाऱ्याचा. पोरबंदरजवळच्या मिठागरातले कामगार काम संपवून खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले. होडी सर्वांसाठीची, धक्का सार्वजनिक, म्हणून काम तिथवर पोचत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ठरवले. पाच वर्षांनी मुंबईचा खटला आला. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारात पाळी संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. घोडबंदर रस्त्यावर वेड्यावाकड्या उभ्या केलेल्या लॉरीवर बस आदळली आणि काही दिवसांत तो गेला. एवढ्या पसरलेल्या शहरात चालक वेळेवर आणि ताजातवाना यावा म्हणूनच बेस्ट त्याला प्रवासाची सोय देते, तेव्हा तो प्रवास नोकरीचाच भाग, असे बहुमताने म्हटले गेले. माझ्या मते यात खरा विचार आहे, कारण न्यायालयाने फाटक किती दूर हे न पाहता प्रवास कोणाच्या गरजेचा हे पाहिले. दुर्दैवाने तो पुढे टिकला नाही. केरळमधला एक कामगार साडेचारच्या पाळीसाठी सायकलवरून निघाला होता. सव्वाचारला, कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर, लॉरीने त्याला धडक दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर आले, ही कामावरची इजा नव्हे.

यावर मालकांचा आक्षेप जुना आहे आणि पोकळ नाही: रस्ता आमचा नाही, खड्डा आम्ही पाडला नाही, मोटारसायकल कशी हाकायची हे आम्ही शिकवत नाही, मग भुर्दंड आम्हाला का? पण या कायद्याखालची भरपाई मुळात दोषाचा दंड नाहीच. यंत्र सदोष नसतानाही बोटे तुटली तर मालक देतोच, कारण धोका त्याच्या धंद्याच्या पोटातला असतो. स्वस्त जमिनीसाठी गोदाम वस्तीपासून दूर बांधले आणि पाळी पहाटे ठेवली की अंधारातला तो प्रवासही धंद्याच्याच पोटात आला. खड्ड्याचा धनी वेगळा आहे, हे खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यायला सांगितले, ते रस्ता सांभाळणाऱ्यांना. एकाची जबाबदारी ठरली म्हणून दुसऱ्याची सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असताना वेगळा दरवाजा कशाला? तिथे रक्कमही बहुधा मोठी मिळते. मिळते, पण त्यासाठी सहसा समोर दुसरे वाहन आणि त्याचा विमा लागतो. स्वतःचीच गाडी घसरली तर दावा लावायचा कोणावर? आणि विम्याचा हप्ता थकलेला असला तर मालक-चालकाचे संरक्षणही गेले. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर २०२२ पर्यंत वारसांना २५ हजार मिळत, आता २ लाख.

कायदा हळूहळू हलला आहे. २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात ये-जा करतानाचा अपघात आला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लावले. तो खटला धाराशिव जिल्ह्यातला: साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. वारसांच्या बाजूने शेवटचा शब्द लागायला बावीस वर्षे लागली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तरी प्रत्येक वेळी वेळ, ठिकाण आणि कामाचा संबंध जुळवून दाखवावा लागतोच. रखवालदाराची पाळी ठरलेली होती. वीटभट्टीवर मुकादमाने टेम्पोत भरून नेलेल्या मजुराचे नाव हजेरीवर चढते ते भट्टीवर उतरल्यावर. टेम्पो वाटेतच कलंडला तर तो त्या सकाळी कोणाचा कामगार होता?

मोजणीचे तर विचारूच नये. अमेरिकेत कामावरच्या मृत्यूंची वेगळी गणना होते. २०२३ मध्ये असे ५,२८३ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांत १,९४२ वाहतुकीतले, म्हणजे कारणांत सर्वांत मोठे. ये-जा करणारे त्यात धरलेले नाहीत. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. वाहन कोणते, वय किती, स्त्री की पुरुष, हे सगळे सरकारी अहवालात मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आत्महत्या केलेल्याचा व्यवसाय छापतो. रस्त्यावर मेलेल्याचा छापत नाही.