खाडीपलीकडचा शेजारी

गोराईहून बोरिवलीला जायचे म्हणजे आजही पुष्कळ लोक लाँचमध्ये बसतात. खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. टोपलीत मासळी असो की भाजी, ‘जकात भरा’ म्हणून कोणी अडवीत नाही. परंतु थोडे दक्षिणेला, माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये जी खाडी आहे, ती एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती. त्या शेजाराची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने तहान्वये वसई, साष्टी आणि मुंबईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे ज्या धारावी बेटावर आहेत (ही धारावी म्हणजे मुंबई शहरातली नव्हे बरे का!) तेही त्यांच्या ताब्यात आले. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला आणि मुंबई बेट आंदण गेले. करार युरोपात झाला, पण आंदणाची हद्द इथल्या जमिनीवर ठरायची होती. मुंबई म्हणजे नेमके काय? माहीम त्यात येते की नाही? भांडण लागले ते इथेच. गोव्याच्या व्हाइसरॉयने ताबा देण्यात चालढकल केली. अखेर १६६५ च्या फेब्रुवारीत इंग्रजांना बेट मिळाले, आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

आता गंमत पहा. मुंबईला बंदर उत्तम, पण पिकाऊ जमीन थोडी आणि दलदल फार. तांदूळ, भाजीपाला, जळाऊ लाकूड यांसाठी तिला साष्टीकडे आणि पलीकडच्या कोकणाकडे पाहावे लागे. पोर्तुगीजांनी हे ओळखले. ठाणे आणि करंजा येथल्या नाक्यांवर ते मुंबईकडे जाणाऱ्या मालावर जकात घेऊ लागले. तंटा वाढला की रसद अडवायची, असाही प्रकार होई. तोफा न डागता शेजाऱ्याला जेरीस आणण्याचा हा मार्ग होता. इंग्रज तक्रार करीत, प्रसंगी धमकीही देत. हे सारे चालू असताना युरोपात मात्र हीच दोन राष्ट्रे एकमेकांची मित्र म्हणवीत होती!

या कुरबुरीचे फळ १७३७ मध्ये दिसले. मराठ्यांनी साष्टीवर स्वारी करून ठाणे घेतले. १७३९ साली धारावी बेटावरचे ठाणेही पडले आणि चिमाजी आप्पांनी वसईला मोर्चे लावले. वसईच्या खाडीचे तोंड राखणारे ठाणे गेल्यावर वसईची बाजू लंगडी झाली. वेढ्यात सापडलेल्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडी मदत केली. पंधरा हजार रुपयेही दिले, पण चर्चमधली चांदीची भांडी आणि तोफा तारण ठेवून घेतल्या! मे १७३९ मध्ये वसई पडली. ज्या शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे जकातीवरून भांडलो, तो संकटात सावकारासारखा वागला, यात नवल ते काय?

आता खाडीपलीकडे मराठे आले. इंग्रजांनी वेळ न दवडता कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे पाठविले आणि जुलै १७३९ मध्ये तह करून पेशव्यांच्या मुलुखात व्यापाराची मोकळीक मिळविली. साष्टीचे भात, मुंबईची बाजारपेठ, दोघांनाही एकमेकांची गरज होती. पण मुंबईकरांची साष्टीवरची नजर काही हटली नाही. पुण्यात गादीचा कलह माजला आणि पोर्तुगीज पुन्हा साष्टी घेणार अशी वार्ता उठली, तेव्हा डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनीच ठाण्याचा किल्ला जिंकला. त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले, आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. व्यापाराच्या तहाने पस्तीस वर्षे शेजार टिकला, पण घरातली फूट त्या तहाला झाकता आली नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तहांच्या सनावळ्या मुले पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी फळ्यावर मुंबई, साष्टी, धारावी बेट आणि वसई यांचा नकाशा काढा. खाड्या निळ्या खडूने रंगवा. मग मुलांना विचारा, “तुम्ही मुंबईत आहात, तांदूळ पलीकडे आहे आणि नाका शेजाऱ्याचा आहे. काय कराल?” कोणी म्हणेल लढू, कोणी म्हणेल पैसे देऊ, कोणी म्हणेल बोलणी करू. त्या तीन उत्तरांत या खाडीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आला.

आणि गोराईच्या लाँचमध्ये कधी बसलात, तर टोपली घेऊन शेजारी बसलेल्या मावशीकडे पहा. राज्ये तीन बदलली, पण पलीकडच्या बाजाराला तिच्या मासळीची आणि तिला त्या बाजाराची लागणारी गरज तशीच आहे. ती वाट मोकळी ठेवणे हे शेजारधर्माचे पहिले काम.