पांदणीवरचे वाहन : बंडीपासून ट्रॅक्टरपर्यंत

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात आणि लढाया आठवतात. वाशीमच्या बाबतीत ते साहजिकही आहे. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. परंतु वावरातला माल घरी कसा आला, घरचा माल बाजारात कसा गेला आणि त्या वाटेवर माणूस कसा सांभाळला गेला, यालाही इतिहास आहे. तो ताम्रपटावर कोरलेला नाही. तो आपल्या पांदणींवर चाकांनी कोरलेला आहे. आज त्याच इतिहासाकडे पाहू.

आधी जमीन ध्यानात घ्या. वाशीम जिल्हा उंचवट्यावर आहे. खाली उत्तरेला अकोल्याचा सपाट मुलूख, दक्षिणेला पैनगंगेचे खोरे. मधे टेकड्या, नाले, खडकाळ माळ आणि सखल भागात काळी कसदार जमीन. ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी मऊ होते. पाय बुडतो, खूर बुडतो, चाक बुडते. अशा जमिनीवर जे वाहन चालेल ते कोठेही चालेल, असे म्हणायला हरकत नाही.

या वाटांवर पूर्वी फार मोठी वाहतूक चाले ती चाकाशिवाय. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य आणि कापूस मुलखोमुलखी नेत. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे या समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे, हे आपण जाणताच. तांड्याचे एक शास्त्र होते. गोणीचे दोन्ही अंग सारखे भरले पाहिजे. एका बाजूला वजन जास्त झाले की बैलाची पाठ सोलते आणि उतारावर बैल कोलमडतो. बैल मोडला तर माल रानात पडला. म्हणून निघण्याआधी गोणी हाताने तोलून पाहावयाची. वाहतुकीतल्या सावधगिरीचा हा आपल्या मुलखातला जुना धडा समजा.

पुढे चाक आले आणि ते वाढले कापसामुळे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपूरला पोहोचली. कापूस आता आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. पण आगगाडीपर्यंत तो न्यावयाचा कोणी? बंडीने! कारंजासारखी पेठ बंड्यांनी गजबजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही छोटी आगगाडी, पुढे लोकांनी जिला ‘शकुंतला’ म्हटले, ती कापसासाठीच धावू लागली. वाशीम शहराच्या बाजूने खांडवा-हिंगोली लोहमार्ग गेला तो मात्र स्वातंत्र्यानंतर. तोवर वाशीमकडचा माल अकोल्याच्या स्टेशनावर जायचा, तर मेडशी सोडून पातूरचा घाट उतरावा लागे.

भरली बंडी घाट उतरते म्हणजे काय, ते जुन्या गाडीवानाला विचारावे. चढाला बैल थकतात, पण जिवाला धोका असतो तो उताराला. मागून वजन लोटते, जू बैलांच्या मानेवर सरकते आणि बैल धावू लागले की गाडी कोणाची राहत नाही. म्हणून गाडीवान उताराच्या तोंडाशीच थांबे, खाली उतरे, चाकाला लाकडाचा अडसर लावी आणि बैलांच्या पुढे राहून पाऊल पाऊल उतरवी. घाट सुरू झाल्यावर उपाय शोधणे त्याला माहीत नव्हते. उपाय आधी आणि उतार मागून, ही त्याची रीत होती.

दुसरी रीत वजनाची. बंडीत माल भरताना मागचा भाग जड झाला तर जू वर उचलले जाते आणि जोत्याने बैलांचा गळा आवळतो. याला आपण गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतो. पुढचा भाग जड झाला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. दोन्ही वाईट. भरणारा माणूस एक-दोनदा जू उचलून पाही, आणि मगच बैल जुंपी. हा ‘उलाळ’ शब्द ध्यानात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

तिसरी रीत देखभालीची. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव असते. ती तापवून लाल करतात, लाकडी चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आकसते आणि चाकाला मिठी मारते. परंतु उन्हाळ्यात लाकूड वाळून बारीक होते आणि धाव सैल पडते. मग चाके नदीच्या डोहात भिजत घालतात. आखाला वंगण, चाक बाहेर येऊ नये म्हणून आखाच्या टोकाला घातलेली खीळ, आऱ्यांचे सांधे, जुंपणीचे दोर, हे सारे घर सोडण्यापूर्वी पाहावयाचे. सुतार आणि लोहार गावातच होते. चाक करकरले की रस्त्यावरचा माणूसही हटकी, ‘वंगण घाल बावा!’ वर्षातून एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होई. तूप-हळदीने बैलाचे खांदे शेकावयाचे. एका अर्थी ती वार्षिक तपासणीच होती, आणि आपल्या लोकांनी तिचा सण केला होता.

शिवाय बैलाला डोळे असतात. रात्री गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल घरची वाट धरतात; विहिरीच्या काठाशी, नाल्याच्या दरडीशी ते अडतात. बंडीच्या प्रवासात निम्मी सावधगिरी माणसाची असे आणि निम्मी जनावराची.

श्रोतेहो, हा हिशेब बदलला ट्रॅक्टरने.

आपल्याकडे ट्रॅक्टरची सरकारी मोहीम सुरू झाली ती स्वातंत्र्याच्या वर्षी. १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन तिने कांस नावाच्या चिवट गवताने पडीक पाडलेल्या जमिनी नांगरल्या. १९४९ मध्ये याच कामासाठी जागतिक बँकेने भारताला कर्ज दिले. मध्य प्रदेशात हे काम मोठे झाले आणि १९५६ पर्यंत वऱ्हाडही त्याच राज्यात होता. पुढे ट्रॅक्टर देशातच तयार होऊ लागले. १९५९ मध्ये फरिदाबादेस आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला, १९६३ मध्ये महिंद्रांनी अमेरिकन कंपनीच्या साह्याने कारखाना सुरू केला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तोवर ट्रॅक्टर ही गावोगावची नेहमीची गोष्ट झाली होती. आज नांगरणी, पेरणी, फवारणी, सोयाबीनची मळणी आणि बाजाराची वाहतूक तोच करतो.

त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु तीस-चाळीस बैलांचे बळ असलेल्या या जनावराला डोळे नाहीत. विहीर आली तरी ते थांबत नाही. बैल जी निम्मी सावधगिरी सांभाळत होता, ती आता चालवणाऱ्याच्याच माथी आली आहे. आणि खरी गोम अशी, की यंत्र गावात आधी आले; त्याच्याशी वागण्याची रीत मागे राहिली. हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही.

१९१७ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी ‘फोर्डसन’ हा स्वस्त ट्रॅक्टर काढला. तो हजारोंनी खपला. पण नांगर एखाद्या दगडात किंवा मुळात अडकला की त्याचे तोंड उचलले जाई आणि तो चालकाला घेऊन मागे उलटे. आपल्या भाषेत, यंत्र उलाळ होई! आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन या कारागिराने यावर विचार केला. अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी असे जोडावयाचे, की नांगराचा ताणच ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबून धरील. १९२६ मध्ये त्याला या जोडणीचे पेटंट मिळाले. आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे ज्या तीन जोडण्या दिसतात, त्या त्याच विचाराची लेकरे आहेत. बंडीत माल भरणारा माणूस जू उचलून जे पाहत होता, तेच फर्ग्युसनने लोखंडात बसवले.

मात्र ही युक्ती मोडायची कशी, हेही आपण शिकलो आहोत. ट्रॉली किंवा ओंडका ओढताना साखळी खालच्या ओढदांड्याला न बांधता वर कोठेतरी बांधली, की तोंड उचललेच. चाक चिखलात रुतले असता पुढच्या गियरमध्ये टाकून क्लच झटक्याने सोडला, तर रुतलेले चाक फिरत नाही आणि ट्रॅक्टरच त्या चाकाभोवती उलटतो. हे इतक्या झटपट घडते की उडी मारायलाही वेळ मिळत नाही. रुतलेले यंत्र सावकाश मागे घ्यावे. न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावे.

उताराची रीत तीच, जी पातूरच्या घाटात होती. उतार लागण्याआधी खालचा गियर टाकावा, मधे बदलू नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे बैल सोडून बंडी घाटात लोटणे होय. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पाय असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या चाकाचा. वावरात वळण्यासाठी ते वेगळे ठेवतात. पण रस्त्यावर येताच दोन्ही एकमेकांना खिटीने जोडले पाहिजेत. ही खिटी न लावता वेगात एकच पाय दाबला गेला, तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर कोलांटतो. नाल्याच्या वा विहिरीच्या काठाने जाताना काठ जितका खोल, निदान तितके अंतर राखावे. पावसात काळी माती काठासकट खचते.

आणि ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना कामावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ स्त्रिया बुडून मेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या होत्या, म्हणजे आपल्या शिवेपलीकडच्याच. मजुरीसाठी सकाळी घरून निघालेल्या बाया संध्याकाळी परतल्या नाहीत. ट्रॉली ही मालासाठी केलेली आहे, आणि ट्रॅक्टरवर आसन एकच आहे. मडगार्डवर बसवलेले पोरगे कौतुकाचे वाटते. एका खड्ड्याने ते मोठ्या चाकाखाली येते.

मळणीचे दिवस आले की आणखी एक धोका असतो. ट्रॅक्टरच्या मागचा जो दांडा हडंब्याला फिरवतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९! पदर, दुपट्टा, सैल बाही त्यात गेली, तर ‘अरे’ म्हणेपर्यंत माणूस गुंडाळला जातो. मळणीयंत्रात हात गेलेले लोक देशभर इतके झाले, की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांविषयी कायदा करावा लागला. दांड्यावरचे झाकण काढून ठेवू नये, चालू यंत्र ओलांडू नये आणि दांडा थांबल्याशिवाय अडकलेले काड काढू नये.

स्वीडन देशाने १९५९ मध्ये असे ठरवले की नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत लोखंडी चौकट असलीच पाहिजे. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये, हा हेतू. पुढच्या काही दशकांत तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणारी माणसे जवळजवळ उरली नाहीत. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांवर अशी चौकट नाही. नवे यंत्र घेताना आपण घोड्याचे बळ विचारतो, रंग पाहतो. चौकट व पट्टा आहे का, हेही विचारावे.

आता देखभाल. पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकत होतो. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालतो. हार जरूर घालावा, पण त्याच हाताने सकाळी तेलाची पट्टी काढून पाहावी. इंजिनातले तेल, रेडिएटरमधले पाणी, टायरची हवा, चाकांचे नट, ब्रेक आणि दिवे, एवढे रोज पाहण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात. इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने तोंड भाजते. आपल्या शिवारात धूळ अतोनात. म्हणून हवा गाळणारी जाळी वरचेवर साफ करावी, नाहीतर इंजिन धूळ खाऊन झिजते. चिखलातून आल्यावर धुवून सांध्यांना ग्रीस द्यावे. ट्रॉलीच्या मागे लाल चकाकते पत्रे लावावेत; अंधारात उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. ट्रॅक्टर किती तास चालला हे घड्याळ सांगते. किती तासांनी तेल बदलावे हे सोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका कपाटात राहू नये.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. शाळेच्या पोरांना गावातल्या जुन्या गाडीवानांकडे पाठवा. बंडीच्या भागांची नावे, घाट उतरण्याची रीत, माल भरण्याचा तोल, हे त्यांच्याकडून लिहून आणू द्या. मग तेच पोरांनी ट्रॅक्टरशेजारी उभे राहून पडताळावे: येथे तोल कोठे आहे, वंगण कोठे आहे, उताराचा अडसर कोणता? इतिहासाचा आणि विज्ञानाचा धडा एकाच वेळी होईल, आणि पोर घरी जाऊन बापाला विचारील, ‘बाबा, ब्रेकची खिटी लावली काय?’

श्रोतेहो, गोणी तोलणारा तांड्याचा माणूस, जू उचलून पाहणारा गाडीवान आणि तेलाची पट्टी काढणारा ट्रॅक्टरवाला हे एकाच परंपरेतले लोक आहेत. वाहन बदलले, पांदण तीच आहे. काळी माती तीच आहे, विहिरीही त्याच आहेत. पहिले दोघे आपले काम चोख करून गेले. तिसऱ्याची पाळी आता आपली आहे.